अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला क्वांटम मेकॅनिक्स शिकवताना : आठ तासिकांची आखणी

नाशिक आणि परिसरातील अभियांत्रिकी महाविद्यालयांत प्रथम वर्षाच्या भौतिकशास्त्रात क्वांटम मेकॅनिक्सचे एक प्रकरण असते आणि त्याच्या वाट्याला साधारण सात-आठ तासिका येतात. प्रवेशाच्या फेऱ्या लांबल्या, मध्ये गणेशोत्सव आणि दिवाळी आली, की त्यांतल्याही एक-दोन कमी होतात. समोर बसलेला वर्ग एकसारखा नसतो. कोणी कॉलेज रोडवरच्या शिकवणीतून सीईटीची सगळी सूत्रे पाठ करून आलेला असतो, तर कोणी कळवण, सुरगाणा किंवा निफाडच्या मराठी माध्यमाच्या शाळेतून आलेला असतो आणि इंग्रजी व्याख्यानाशी जुळवून घेत असतो. शिवाय यांतल्या बहुतेकांना पुढे भौतिकशास्त्रज्ञ व्हायचे नसते. त्यामुळे या प्रकरणातून नेमके काय साधायचे, हे शिकवणाऱ्याने आधी ठरवणे आवश्यक आहे.

माझे मत स्पष्ट आहे. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला हा विषय गूढ म्हणून सांगू नये. तो आकडा काढून देणारे साधन म्हणून सांगावा. प्रत्येक तासिकेच्या शेवटी विद्यार्थ्याच्या वहीत एक तरी संख्या तिच्या एककासह उतरलेली असावी आणि ती संख्या एखाद्या प्रयोगाशी किंवा उपकरणाशी ताडून पाहिलेली असावी. विषयाचे नवल त्यामुळे कमी होत नाही, उलट ते कुठे आहे हे नेमके कळते. श्रोडिंजरच्या मांजरापासून सुरुवात करणाऱ्या व्याख्यानाला टाळ्या मिळतात, पण त्यानंतर विद्यार्थ्याला इलेक्ट्रॉनची पहिली ऊर्जा पातळी काढता येत नाही. खालील आखणी या भूमिकेतून केलेली आहे.

सुरुवातीआधी : विद्यार्थी काय घेऊन आले आहेत

राज्य मंडळाच्या बारावीच्या भौतिकशास्त्रात प्रकाशविद्युत परिणाम, द ब्रॉग्लीची तरंगलांबी, बोरचे अणुप्रारूप आणि तारेवरील स्थिर तरंग हे सगळे येऊन गेलेले असते. म्हणून या गोष्टींवर पुन्हा तीन तासिका खर्च करणे मला पटत नाही. त्याऐवजी पहिल्या दिवशी दहा मिनिटांची, गुण नसलेली एक लेखी चाचणी घ्यावी. दोन्ही टोकांना बांधलेल्या तारेवरचे पहिले तीन स्थिर तरंग काढायला सांगावेत. फासा टाकल्यास सरासरी किती येईल ते विचारावे. एखाद्या साइन फलनाचे दुसरे विकलन करायला द्यावे. आणि चौथा प्रश्न असा : ‘प्रकाशाची तीव्रता वाढवली, तर बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनची कमाल ऊर्जा वाढते का? कारण लिहा.’ चौथ्या प्रश्नाचे उत्तर बरोबर आणि कारण चुकीचे, असे कागद बरेच निघतात. पुढच्या तासिकांचा वेग या कागदांवरून ठरवावा.

गणिताच्या शिक्षकांशी एकदा बोलून घ्यावे. आयगेन मूल्यांचा (मॅट्रिक्सच्या वैशिष्ट्यपूर्ण संख्यांचा) भाग त्यांच्याकडे कधी शिकवून होणार आहे, हे कळले तर सहावी तासिका त्यानंतर लावता येते. बेसिक इलेक्ट्रिकलच्या तासाला फेजर (प्रत्यावर्ती प्रवाह संमिश्र संख्यांनी मांडण्याची पद्धत) झाले असतील, तर संमिश्र संख्यांची भीतीही बरीच कमी झालेली असते.

पहिली तासिका : प्रकाशाची ऊर्जा ठरावीक वाट्यांनी मिळते

प्लांकने १४ डिसेंबर १९०० रोजी मांडलेली कल्पना आणि आइनस्टाइनने १९०५ मध्ये दिलेले प्रकाशविद्युत परिणामाचे स्पष्टीकरण पाच मिनिटांत सांगून एका सूत्रावर यावे : फोटॉनची ऊर्जा इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये हवी असेल, तर १२४० ला नॅनोमीटरमधल्या तरंगलांबीने भागावे. हा १२४० आकडा विद्यार्थ्याच्या तोंडी बसला पाहिजे. ज्यूल आणि दहाच्या ऋण घातांमध्ये अडकलेला विद्यार्थी भौतिकशास्त्रापर्यंत पोहोचतच नाही, त्यामुळे पहिल्या दिवसापासून इलेक्ट्रॉनव्होल्ट आणि नॅनोमीटर हीच एकके वापरावीत.

यासाठी नाशिककरांना खिशातच उदाहरण सापडते. नाशिकरोडच्या छापखान्यात १९२८ पासून नोटा छापल्या जात आहेत. नोटेवरील क्रमांकाची शाई आणि कागदातील बारीक तंतू अतिनील दिव्याखाली चमकतात. वर्गात अंधार करून नोटेवर ३६५ नॅनोमीटरची टॉर्च धरावी. तिचा झोत कोणाच्याही डोळ्यांवर जाऊ देऊ नये आणि ती विद्यार्थ्यांच्या हाती देऊ नये. मग हिशेब करून घ्यावा. आत गेलेला फोटॉन १२४० भागिले ३६५, म्हणजे सुमारे ३.४ इलेक्ट्रॉनव्होल्टचा आहे. बाहेर येणारा उजेड हिरवा दिसत असेल आणि त्याची तरंगलांबी ५२० नॅनोमीटरच्या आसपास धरली, तर तो फोटॉन सुमारे २.४ इलेक्ट्रॉनव्होल्टचा आहे. मधला एक इलेक्ट्रॉनव्होल्ट कुठे गेला, हा प्रश्न विचारून वर्गाला थोडा वेळ द्यावा. तो रेणूच्या कंपनांमध्ये, म्हणजे शेवटी उष्णतेत गेला. त्यानंतर लगेच उलट प्रश्न विचारावा : लाल लेझर कितीही प्रखर केला, तरी तीच शाई त्याच प्रकारे हिरवी का चमकणार नाही? लाल फोटॉनकडे जेमतेम दोन इलेक्ट्रॉनव्होल्ट असतात आणि साध्या प्रखरतेत एका वेळी एकच फोटॉन शोषला जातो. तीव्रतेने फोटॉनची संख्या वाढते, एकेका फोटॉनची ऊर्जा वाढत नाही. चाचणीतल्या चौथ्या प्रश्नाचे कारण इथे स्पष्ट होते.

प्रयोगशाळेत : एलईडीवरून प्लांकचा स्थिरांक

लाल, पिवळा, हिरवा आणि निळा असे पारदर्शक आवरणाचे चार एलईडी, ३३० ओहमचा रोध, एक किलोओहमचे पोटेन्शिओमीटर, पाच व्होल्टचा पुरवठा आणि दोन मल्टिमीटर एवढ्या साहित्यात हा प्रयोग होतो. पांढरा एलईडी घेऊ नये, कारण त्यात आतला निळा प्रकाश फॉस्फरवर पडून इतर रंग तयार झालेले असतात. एलईडी डोळ्यांना नुकताच दिसू लागतो तेव्हाचा विद्युत दाब नोंदवण्याची पद्धत रूढ आहे, पण तीत प्रत्येकाचे उत्तर निराळे येते. त्याऐवजी सर्व एलईडींमधून एकच अतिशय लहान प्रवाह, समजा ५० मायक्रोअँपिअर, जाऊ द्यावा आणि त्या वेळचा दाब नोंदवावा.

ताडून पाहण्यासाठी अपेक्षित फोटॉन ऊर्जा हाताशी असाव्यात : ६३० नॅनोमीटरच्या लालसाठी १.९७, ५९० च्या पिवळ्यासाठी २.१०, ५२५ च्या हिरव्यासाठी २.३६ आणि ४७० च्या निळ्यासाठी २.६४ इलेक्ट्रॉनव्होल्ट. मोजलेले दाब यांच्याशी तंतोतंत जुळणार नाहीत. एलईडीचा दाब अर्धवाहकाच्या ऊर्जा अंतरावर अवलंबून असतोच, पण तापमान, प्रवाह आणि पदार्थाची घडण यांचाही त्यावर परिणाम होतो. म्हणून एकेका एलईडीवरून स्थिरांक न काढता दाब आणि तरंगलांबीचा व्यस्त यांचा आलेख काढून त्याचा चढ घ्यावा. सर्व एलईडींमध्ये समान असलेला फरक चढात येत नाही. उत्तर प्रमाणित ६.६२६ गुणिले १० च्या उणे ३४ व्या घाताच्या जवळ आले नाही, तर विद्यार्थ्याने आकडा ‘बसवून’ आणू नये. जर्नलमध्ये तो आहे तसा लिहावा आणि फरकाची कारणे द्यावीत, त्यासाठी गुण ठेवावेत. मोजलेल्या आकड्याशी प्रामाणिक राहण्याची सवय पहिल्या सत्रातच लागायला हवी.

दुसरी तासिका : इलेक्ट्रॉनची तरंगलांबी आणि संभाव्यता

द ब्रॉग्लीने १९२४ मध्ये मांडलेले सूत्र विद्यार्थ्यांना येते. त्याचे इलेक्ट्रॉनसाठी सोयीचे रूप द्यावे : तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये हवी असेल, तर १.२२६ ला व्होल्टमधल्या दाबाच्या वर्गमुळाने भागावे. डेव्हिसन आणि जर्मर यांनी १९२७ मध्ये निकेलच्या स्फटिकावर ५४ व्होल्टने वेग दिलेले इलेक्ट्रॉन सोडले, तेव्हा ५० अंशांच्या कोनात शिखर मिळाले. सूत्राने तरंगलांबी ०.१६७ नॅनोमीटर येते. स्फटिकाचे ०.२१५ नॅनोमीटर अंतर घेऊन विवर्तनावरून काढली, तर ती ०.१६५ येते. हे दोन्ही आकडे विद्यार्थ्यांनी स्वतः काढावेत. त्याच बैठकीत चाळीस मीटर प्रतिसेकंद वेगाने निघालेल्या १६० ग्रॅमच्या क्रिकेट चेंडूची तरंगलांबीही काढायला सांगावी. ती सुमारे १० च्या उणे ३४ व्या घाताइतकी मीटर भरते. चेंडूचे विवर्तन का दिसत नाही, याचे उत्तर त्या आकड्यातच आहे.

मग खरा मुद्दा घ्यावा. टोनोमुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये हिताचीच्या प्रयोगशाळेत एकावेळी एकच इलेक्ट्रॉन सोडून दोन वाटांचा प्रयोग केला. त्याची चित्रमालिका पडद्यावर दाखवावी. आधी विखुरलेले ठिपके दिसतात. ठिपके वाढत जातात तसे पट्टे उमटतात. एका इलेक्ट्रॉनचा एकच ठिपका पडतो, तो अर्धा इथे आणि अर्धा तिथे पडत नाही. तरीही पट्टे येतात. इथे बॉर्नचे १९२६ चे विधान फळ्यावर लिहावे : तरंगफलनाच्या (इलेक्ट्रॉनच्या अवस्थेचे वर्णन करणाऱ्या फलनाच्या) परिमाणाचा वर्ग म्हणजे इलेक्ट्रॉन त्या ठिकाणी सापडण्याच्या संभाव्यतेची घनता. इलेक्ट्रॉन ‘कधी कण असतो, कधी तरंग असतो’ हे वाक्य टाळावे. त्यावरून विद्यार्थ्याला काहीच मोजता येत नाही, शिवाय इलेक्ट्रॉन आपले रूप बदलत असतो असा समज होतो.

तिसरी तासिका : अवस्था, बेरीज आणि मापन

अनेक पाठ्यपुस्तकांत या तासिकेला जागा नसते. तिथून थेट श्रोडिंजरच्या समीकरणावर उडी मारली जाते. मी ही तासिका आवर्जून ठेवावी असे सुचवेन, कारण कॉम्प्युटर शाखेचा विद्यार्थी पुढे क्युबिट (क्वांटम संगणकातील माहितीचे एकक) शिकतो तेव्हा त्याला याच कल्पना लागतात. साहित्य म्हणजे पोलरॉइडचे तीन तुकडे. प्रयोगशाळेत नसतील, तर जुन्या कॅल्क्युलेटरच्या पडद्यावरची पट्टी सोडवून घेता येते. थ्रीडी चित्रपटाचे चष्मे मात्र टाळावेत. त्यांतले अनेक वर्तुळाकार ध्रुवणाचे असतात आणि निष्कर्ष गोंधळात टाकतात.

दोन तुकडे एकमेकांना काटकोनात धरले की अंधार होतो. त्यांच्यामध्ये तिसरा तुकडा ४५ अंशांत सरकवला की उजेड पुन्हा दिसतो. आदर्श तुकडे धरले, तर पहिल्यातून निघालेल्या प्रकाशाचा चौथा भाग शेवटपर्यंत पोहोचतो : प्रत्येक ४५ अंशांच्या वळणावर कोसाइनचा वर्ग, म्हणजे निम्मा. गाळणी वाढवली आणि प्रकाश वाढला, याचा विद्यार्थी मनापासून विचार करतात.

इथे शिक्षकाने एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. टॉर्चच्या उजेडाने केलेला हा प्रयोग मॅक्सवेलच्या तरंगांनीही पूर्ण समजावता येतो. क्वांटम भाग सुरू होतो तो एकेक फोटॉन पाठवल्यावर. अर्धा फोटॉन पलीकडे जाऊ शकत नाही, तो पूर्ण जातो किंवा पूर्ण शोषला जातो. मग कोसाइनचा वर्ग ही तीव्रता न राहता संभाव्यता होते. ४५ अंशांची अवस्था म्हणजे उभ्या आणि आडव्या अवस्थांची समान गुणकांनी केलेली बेरीज, आणि मापनानंतर अवस्था बदलते, ही दोन विधाने त्यातून आपोआप निघतात. गृहपाठ म्हणून तीस अंशांच्या टप्प्यांनी चार तुकडे ठेवल्यास किती प्रकाश पोहोचेल ते काढायला द्यावे. तीन वळणे, प्रत्येकी पाऊण, म्हणजे सुमारे ४२ टक्के.

चौथी आणि पाचवी तासिका : अनंत खोलीची विहीर

अनंत खोलीची विहीर म्हणजे ओलांडता न येणाऱ्या दोन भिंतींमध्ये अडकलेल्या इलेक्ट्रॉनचे प्रारूप. संपूर्ण प्रकरणाचा कणा हाच आहे. वेळ कमी पडला, तर इतर कुठेही काटछाट करावी, इथे करू नये.

श्रोडिंजरचे समीकरण ‘सिद्ध’ करण्याचा आव आणू नये. मुक्त कणाच्या तरंगाला लागू पडेल असे, गतिज अधिक स्थितिज म्हणजे एकूण ऊर्जा हे नाते पाळणारे समीकरण म्हणून ते मांडावे आणि त्याची कसोटी प्रयोगांनी होते असे सांगावे. समीकरणातील संमिश्र संख्येबद्दल विचारणा होतेच. फेजर शिकलेल्या विद्यार्थ्याला सांगता येते की काळानुसार फिरणारा कला-घटक संमिश्र असतो आणि स्थिर अवस्थेत परिमाणाचा वर्ग घेताना तो निघून जातो. म्हणूनच त्या अवस्थेतील संभाव्यता काळानुसार बदलत नाही.

प्रयोगशाळेत मेल्डच्या प्रयोगाचे साहित्य असेल, तर सूत्र मांडण्याआधी तारेवरचे एक, दोन, तीन फुगवटे दाखवावेत. टोके बांधलेली आहेत म्हणून ठरावीक तरंगच बसतात, आणि ऊर्जेच्या पातळ्या त्याच बंधनातून येतात. नंतर तारेची मर्यादाही सांगावी : तारेवर खरोखर काहीतरी वरखाली हलते, तरंगफलनात पदार्थाचे असे काही हलत नाही.

सूत्र असे : ऊर्जा म्हणजे एन वर्ग गुणिले एच वर्ग, भागिले आठ एम एल वर्ग. इथे एन हा पातळीचा क्रमांक, एच प्लांकचा स्थिरांक, एम कणाचे वस्तुमान आणि एल विहिरीची रुंदी. इलेक्ट्रॉनसाठी याचा अर्थ ०.३७६ गुणिले एन वर्ग, भागिले नॅनोमीटरमधल्या रुंदीचा वर्ग, इतके इलेक्ट्रॉनव्होल्ट. एक नॅनोमीटर रुंदीत पहिली पातळी ०.३७६, दुसरी १.५०४ आणि तिसरी ३.३८४. दुसरीवरून पहिलीवर उडी पडली, तर १.१२८ इलेक्ट्रॉनव्होल्टचा फोटॉन, म्हणजे सुमारे ११०० नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश बाहेर पडतो. रुंदी निम्मी केली की ऊर्जा चौपट होते. क्वांटम डॉटचा (काही नॅनोमीटरच्या अर्धवाहक कणाचा) आकार लहान केला की त्याचा रंग लालकडून निळ्याकडे सरकतो, याचे मूळ या चौपटीत आहे. या कणांच्या शोधासाठी आणि निर्मितीसाठी बावेंडी, ब्रूस आणि एकिमोव्ह यांना २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. खऱ्या डॉटचा रंग या सूत्राने अचूक काढता येत नाही, कारण तिथे इलेक्ट्रॉनचे परिणामी वस्तुमान, पदार्थाचे स्वतःचे ऊर्जा अंतर आणि त्रिमितीय आकार हेही मोजावे लागतात. प्रारूप कुठवर चालते हे सांगणे हा अभियांत्रिकी शिक्षणाचाच भाग आहे.

पाचव्या तासिकेत संभाव्यतेची उदाहरणे सोडवावीत. विहिरीचे तीन समान भाग करून मधल्या भागात इलेक्ट्रॉन सापडण्याची संभाव्यता काढायला सांगावी. बहुतेकांचा अंदाज एक तृतीयांश असतो. पहिल्या अवस्थेत ती सुमारे ६१ टक्के, दुसऱ्या अवस्थेत सुमारे २० टक्के आणि तिसऱ्या अवस्थेत बरोबर एक तृतीयांश येते. दुसऱ्या अवस्थेत मध्यबिंदूवर संभाव्यतेची घनता शून्य आहे, मग इलेक्ट्रॉन डावीकडून उजवीकडे जातो कसा, असे कोणी विचारले तर त्या प्रश्नाला पूर्ण वेळ द्यावा. स्थिर अवस्थेत तो भिंतींमध्ये ये-जा करत नसतो. मार्गाची कल्पनाच तिथे लागू होत नाही. उत्तर ऐकून वर्ग लगेच समाधानी होत नाही, आणि तसे होणे अपेक्षितही नाही.

सहावी तासिका : संगणकावर तीच विहीर

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला हा विषय आपलासा वाटतो तो इथे. विहिरीची एक नॅनोमीटर रुंदी शंभर भागांत तोडावी, म्हणजे टप्पा ०.०१ नॅनोमीटर होतो आणि आतले ९९ बिंदू मिळतात. दुसऱ्या विकलनाच्या जागी शेजारच्या बिंदूंमधला फरक घेतला की श्रोडिंजरचे समीकरण ९९ ओळींच्या मॅट्रिक्सचे रूप घेते. कर्णावर सर्वत्र ७६२, कर्णाच्या लगतच्या दोन्ही तिरप्या ओळींत उणे ३८१ आणि बाकी सगळीकडे शून्य. पायथॉनमध्ये या मॅट्रिक्सची आयगेन मूल्ये मागितली की पहिली तीन ०.३७६, १.५०४ आणि ३.३८ च्या आसपास येतात. कागदावर काढलेले आकडे संगणकाने वेगळ्या वाटेने परत दिले, हे पाहिल्यावर विद्यार्थ्याचा सूत्रावरचा विश्वास वाढतो, आणि गणिताच्या पेपरपुरते वाटणारे आयगेन मूल्य म्हणजे मोजता येणारी ऊर्जा आहे हेही कळते. सगळ्यांकडे लॅपटॉप नसतात. मोबाइलच्या ब्राउझरमध्ये चालणारी नोटबुक पुरते, आणि तेही जमत नसेल तर तिघांचा गट करावा.

यानंतर एकच बदल करावा. एकूण जागा तीन नॅनोमीटरची घ्यावी, मधली एक नॅनोमीटर रिकामी ठेवावी आणि बाहेरच्या बिंदूंच्या कर्णमूल्यात ५ मिळवावेत. म्हणजे पाच इलेक्ट्रॉनव्होल्ट खोलीची विहीर तयार झाली. पहिली पातळी आता ०.३७६ वरून सुमारे ०.२७ वर येते आणि बांधलेल्या अवस्था फक्त चार उरतात. तरंगफलनाचा आलेख भिंतीच्या आत थोडा शिरलेला दिसतो. फलन पसरायला जास्त जागा मिळाली म्हणून ऊर्जा उतरली, हे विद्यार्थी स्वतः सांगतात. मर्यादित विहिरीचे आलेखीय समीकरण फळ्यावर सोडवण्यात अर्धा तास घालवण्यापेक्षा हे अधिक परिणामकारक आहे.

सातवी तासिका : अनिश्चितता

हायझेनबर्गच्या तत्त्वाबद्दलचा सर्वांत चिवट गैरसमज असा, की मोजताना आपण इलेक्ट्रॉनला धक्का देतो म्हणून अनिश्चितता येते आणि उपकरण अधिक चांगले असते तर ती टळली असती. सूक्ष्मदर्शकाचे प्रचलित उदाहरण नीट हाताळले नाही, तर हा गैरसमज पक्का होतो. त्यासाठी विहिरीकडेच परतावे. पहिल्या अवस्थेत स्थानाचे प्रमाण विचलन रुंदीच्या ०.१८१ पट येते, संवेगाचे प्रमाण विचलन पाय गुणिले एच-बार (प्लांकचा स्थिरांक भागिले दोन पाय) भागिले रुंदी येते, आणि गुणाकार ०.५६८ एच-बार होतो. तो अर्ध्या एच-बारपेक्षा जास्त आहे. या संपूर्ण हिशेबात कोणतेही उपकरण आलेले नाही. अनिश्चितता अवस्थेतच आहे.

दाखवण्यासाठी लेझर पॉइंटर आणि केस पुरेसा आहे. ६५० नॅनोमीटरचा लाल झोत साधारण ७० मायक्रोमीटर जाडीच्या केसावर पाडला, तर दोन मीटर दूरच्या भिंतीवर पहिली काळी जागा मध्यापासून सुमारे १८ ते १९ मिलिमीटरवर येते. केस जितका बारीक, तितका पसारा मोठा. लेझर टेबलाच्या उंचीवर पक्का बसवावा आणि कोणीही झोताच्या रेषेत डोळे आणणार नाही याची आधीच व्यवस्था करावी.

आठवी तासिका : टनेलिंग

टनेलिंग म्हणजे इलेक्ट्रॉनची ऊर्जा अडथळ्याच्या उंचीपेक्षा कमी असूनही तो पलीकडे सापडणे. त्यासाठी ‘चेंडू टेकडीवर न चढता पलीकडे गेला’ हे चित्र बहुतेक ठिकाणी दाखवतात. त्यामुळे विद्यार्थ्याला वाटते की इलेक्ट्रॉनने अडथळा पोखरताना ऊर्जा खर्च केली. गैरसमजाचे दुसरे कारण आपल्याच आकृतीत असते : स्थितिज ऊर्जेचा आलेख आणि तरंगफलन एकाच अक्षावर काढले की पलीकडच्या बाजूला लहान झालेली लाट म्हणजे कमी झालेली ऊर्जा असे वाचले जाते. दोन आकृत्या एकाखाली एक, वेगळ्या अक्षांवर काढाव्यात. त्यानंतर विचारावे : अडथळ्यापलीकडे तरंगलांबी वाढली, घटली की तीच राहिली? दोन्ही बाजूंना स्थितिज ऊर्जा सारखी असेल, तर तीच राहते. कमी होते ती सापडण्याची संभाव्यता.

आकड्यांसाठी अंदाजी सूत्र पुरे. अडथळा इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेपेक्षा जितके इलेक्ट्रॉनव्होल्ट उंच असेल, त्याच्या वर्गमुळाला ५.१२ ने गुणावे. हा प्रति नॅनोमीटर क्षयांक झाला. त्याची दुप्पट गुणिले जाडी हा ऋण घातांक घ्यावा. एक इलेक्ट्रॉनव्होल्ट उंच आणि एक नॅनोमीटर जाड अडथळ्यासाठी घातांकी गुणक लाखात सुमारे साडेतीन येतो. जाडी निम्मी केली, तर हजारात सहा. बिनिग आणि रोरर यांनी १९८१ मध्ये झुरिकच्या आयबीएम प्रयोगशाळेत बनवलेला टनेलिंग सूक्ष्मदर्शक याच तीव्र अवलंबनावर चालतो. चार इलेक्ट्रॉनव्होल्ट कार्यफलन (धातूतून इलेक्ट्रॉन बाहेर काढायला लागणारी किमान ऊर्जा) धरले, तर सुई केवळ ०.१ नॅनोमीटरने दूर गेली की प्रवाह जवळपास आठपटीने घटतो, म्हणूनच एकेका अणूची उंची मोजता येते. दोघांना १९८६ चे नोबेल मिळाले.

इलेक्ट्रॉनिक्स आणि कॉम्प्युटर शाखेसाठी आणखी दोन उदाहरणे हवीतच. पेन ड्राइव्हमधील फ्लॅश मेमरीत माहिती लिहिली जाते ती ऑक्साइडच्या पातळ थरातून इलेक्ट्रॉन टनेल होऊन. उलट प्रोसेसरमध्ये तेच टनेलिंग नुकसान करते. ट्रान्झिस्टरच्या गेटखालचा ऑक्साइड सव्वा नॅनोमीटरच्या घरात आला, तेव्हा गळती इतकी वाढली की २००७ मध्ये इंटेलने ४५ नॅनोमीटर तंत्रज्ञानात हॅफ्नियमयुक्त थर आणला. तो जाड ठेवूनही धारिता टिकवता येते. एकाच सूत्राचा एका ठिकाणी उपयोग आणि दुसऱ्या ठिकाणी उपद्रव होतो, हे अभियंत्याला कळणे महत्त्वाचे आहे.

‘आम्हाला हे कशाला, सर?’

मेकॅनिकलचा विद्यार्थी हे विचारतो आणि त्याला ते विचारण्याचा अधिकार आहे. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत इंटर्नशिप केलेल्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांनी धातूची घडण तपासणारा ‘स्पेक्ट्रो’ पाहिलेला असतो. ठिणगीने धातूचे अणू उद्दीपित होतात, प्रत्येक मूलद्रव्य आपल्या ऊर्जा पातळ्यांमधील अंतराप्रमाणे ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश देते आणि त्यावरून क्रोमियम किती, निकेल किती हे काही सेकंदांत कळते. न्यूटनच्या कड्यांसाठी वापरतो त्या सोडियम दिव्याचे उदाहरणही हाताशी आहे : ५८९.३ नॅनोमीटर, म्हणजे २.१ इलेक्ट्रॉनव्होल्ट. कॉम्प्युटर शाखेला राष्ट्रीय क्वांटम मिशनबद्दल सांगावे. केंद्रीय मंत्रिमंडळाने १९ एप्रिल २०२३ रोजी ६००३.६५ कोटी रुपयांच्या या योजनेला मंजुरी दिली, तिचा कालावधी २०३०-३१ पर्यंत आहे आणि तिचे संवेदन व मापन विषयाचे केंद्र आयआयटी मुंबईत आहे. २०२५ चे भौतिकशास्त्राचे नोबेल क्लार्क, देवोरे आणि मार्टिनिस यांना मिळाले ते हातात धरता येईल अशा विद्युत मंडलात टनेलिंग आणि ऊर्जेच्या पातळ्या दाखवल्याबद्दल. विद्युत मंडल म्हटल्यावर इलेक्ट्रिकलचे विद्यार्थीही सावरून बसतात.

‘क्वांटम’ शब्द लावून विकली जाणारी औषधे आणि उपचार यांविषयी प्रश्न आला, तर टिंगल न करता एकच विचारावे : यात कोणती राशी मोजली, किती आली आणि कोणत्या एककात? विद्यार्थी पुढचे स्वतः ठरवतात.

परीक्षा आणि मूल्यमापन

विद्यापीठाच्या परीक्षेत अनंत विहिरीच्या ऊर्जेचे सूत्र सिद्ध करा, असा प्रश्न येऊ शकतो आणि त्याची तयारी करून घेणे हे आपले कर्तव्य आहे. सिद्धतेच्या पायऱ्या एका पानावर देऊन त्या लिहून घ्याव्यात. मात्र अंतर्गत परीक्षेत एक प्रश्न असा ठेवावा ज्याचे उत्तर पाठांतराने येणार नाही. उदाहरणार्थ, विहिरीची उजवी भिंत अचानक दुप्पट अंतरावर नेली, तर पातळ्या कशा बदलतील आणि लगेचच इलेक्ट्रॉन नव्या पहिल्या पातळीत असेलच असे म्हणता येईल का? किंवा दोन आलेख देऊन कोणता जास्त ऊर्जेचा हे गाठी (तरंगफलन शून्य होते ते आतले बिंदू) मोजून ओळखायला सांगावे. बरेच जण उंच लाट म्हणजे जास्त ऊर्जा असे लिहितात आणि त्यावरून पुढच्या तासाचा विषय मिळतो.

भाषेबद्दल एवढेच, की पेपर इंग्रजीत लिहायचा असला तरी विचार मराठीत करू द्यावा. गटचर्चा मराठीतच होते. शेवटी प्रत्येक गटाने आपला निष्कर्ष दोन इंग्रजी वाक्यांत लिहून दाखवावा. ग्रामीण भागातून आलेली मुले अशा चर्चेत उत्तम तर्क मांडतात. इंग्रजी प्रश्नोत्तरांत तो तर्क शिक्षकापर्यंत पोहोचत नाही.

डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला येणाऱ्या विद्यार्थ्यांचाही विचार करावा लागतो. त्यांचे प्रथम वर्ष होत नाही, त्यामुळे इलेक्ट्रॉनिक्सच्या तासाला ऊर्जा पट्टे त्यांच्यासमोर एकदम येतात. दुसऱ्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात त्यांच्यासाठी तीन तासांचा जोडवर्ग घ्यावा : पहिला तास १२४० चे सूत्र आणि एलईडीचा प्रयोग, दुसरा अनंत विहीर, तिसरा संगणकावरचे मॅट्रिक्स. तिसऱ्या तासात एकाऐवजी दोन विहिरी शेजारी ठेवून मधला अडथळा पातळ करत न्यावा, म्हणजे एकेक पातळी फुटून दोन होताना दिसते. मग विहिरी चार, आठ अशा वाढवाव्यात. पातळ्यांचा पट्टा कसा तयार होतो ते पडद्यावर दिसल्यावर इलेक्ट्रॉनिक्सच्या शिक्षकांना पुढचे शिकवणे सोपे जाते.